रस्त्याकडच्या बाजूचा आरसा

"ताई, निवांत बघा. घाई नाही," असं सायकलवाले काका म्हणतात आणि मी बघते. त्यांनी काउंटरवर मांडलेल्या आरशांकडे नाही. मागे.

मागे: समोरच्या दुकानाचं ओढलेलं शटर. त्याच्या सावलीत मांजर.

गेल्या वर्षी पुलावर खडीचा एक ट्रक माझ्या इतक्या जवळून गेला की हँडलच्या मुठीचं रबर सोलून निघालं. मला काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन मी कपडे वाळत घातले. कपडे वाळत घालतानाच माझी मान पहिल्यांदा आपली आपण मागे वळली, आणि तेव्हापासून ती वळतच असते. रांगेत वळते, आंघोळ करताना वळते. आता हे सांगतानाही मध्येच वळेल. वळू द्या तिला.

जमिनीवर उभं असताना मान वळली तर माणूस फार तर वेडा दिसतो. सायकलवर मान वळली की खांदा वळतो, खांद्यापाठोपाठ हँडल वळतं, आणि मागून ट्रक येतोय का हे बघता बघता मी ट्रकच्याच वाटेत जाते. एकटी होते तोवर मी पुलाआधी उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. पुलाला फुटपाथ नाही. सायकलवर तो तीन मिनिटांचा आहे, पायी नऊ मिनिटांचा. शिवाय हातात सायकल धरलेला माणूस दोन माणसांएवढी जागा खातो. नऊ मिनिटं कठड्याला अंग घासत जायचं आणि पलीकडे पोचल्यावर देवाला नाही, तर चपलांना हात लावायचा.

सोमवारपासून कॅरिअरवर माझी मुलगी असणार आहे.

मागे: मांजर उठून गेलेलं.

*

घरचं असं आहे.

नवरा रंगारी. तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडला. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, आणखी दीड महिना. "पडलो, पण भिंत पुरी करून पडलो," असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. मुलगी सहा वर्षांची. तिला शाळेत तोच सोडायचा, एका हाताने सायकल चालवत, शिट्टी वाजवत. शाळा पुलापलीकडे. मी जिथे केस कापते ते सलून शाळेच्या पुढे दोन गल्ल्यांवर. शाळेची गाडी पुलाच्या अलीकडे येत नाही. तो पडल्यापासून मुलगी घरीच आहे आणि प्लास्टरवर स्केचपेनने मासे काढते आहे.

शुक्रवारी शाळेची चिठ्ठी आली. सोमवारी हजर न राहिल्यास पटावरून नाव कमी करण्यात येईल.

"तू ने की," नवरा म्हणाला.

"मी?"

"नाही, माझं प्लास्टर नेईल."

"मला नाही जमायचं रे. मला मागचं दिसत नाही."

"मागचं कुणाला दिसतं? आरसा लाव. जन्मभर आरशात बघून पोट भरतेस आणि सायकलला एक आरसा नाही तुझ्या."

हे खरं होतं, म्हणून मी शनिवारी दुपारी दुकानात आले.

*

पहिला आरसा चष्म्याच्या काडीला अडकवायचा, नखाएवढा. अडकवला. अर्धं दुकान पुढे गेलं, अर्धं मागे आलं. काढला.

दुसरा गोल, फुगीर, बांगडीपेक्षा लहान. हँडलच्या टोकाला बसवायचा. तोंडासमोर धरला तर माझं नाक बटाट्याएवढं आणि कान गायब. खांद्यावरून मागे बघितलं तर काकांचं डोकं वाटाण्याएवढं.

"यात माणूस ओळखू येत नाही हो."

"ओळखायचाय कशाला, ताई? चुकवायचाय."

तिसरा सपाट, आयताकृती, तळहाताएवढा, लांब दांडीवर. त्यात सगळं जसंच्या तसं. काकांच्या भुवईतला एकच पांढरा केस दिसला. तो कापावा असंही वाटून गेलं.

"हा."

"हा सपाट आहे. थोडंच दिसेल. फुगीरात सगळा रस्ता मावतो, कठड्यापासून कठड्यापर्यंत."

"मला रस्ता नको. चालवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे."

"चेहरा बघून काय करणार? सोयरीक जुळवायचीय?"

मी हसले. पण मला चेहराच हवा होता, आणि त्याचं कारण काकांना सांगून कळलं नसतं.

अठरा वर्षं मी केस कापते आहे. जिने मला शिकवलं ती बाई फार बोलायची नाही. तिचा एकच नियम होता: समोरच्या आरशात गिऱ्हाइकाची नजर वर येऊन आपल्या नजरेला भिडत नाही तोवर कात्री उघडायची नाही. मासिक वाचू दे, डुलक्या घेऊ दे, थांबायचं. नजर भिडली की त्याला कळलेलं असतं, आता ही सुरू करणार. मग डोकं हलत नाही. मग खुशाल कानाशी जा. अठरा वर्षांत मी एकाचाही कान कापलेला नाही. आमच्या धंद्यात सगळं ठरतं ते आरशात, आणि तोंडाने एक शब्द न बोलता.

माझं म्हणणं एवढंच होतं की ट्रकवाल्याशीही एकदा नजर भिडली, की झालं. त्याला कळेल मी आहे. मला कळेल त्याला कळलंय.

काकांनी पान्ह्याने दांडी आवळली. रस्त्याकडच्या बाजूला. मी सीटवर बसून आरसा वर केला, थोडा आणखी वर, ट्रकमधला माणूस बसतो तेवढ्या उंचीवर.

"ताई, आभाळ दिसेल अशाने."

"दिसू दे."

*

रविवारी सकाळी वजन.

आधी मुलगी काट्यावर: एकोणीस किलो. मग रंगाची मोठी बादली. नवरा खाटेवरून हुकूम सोडत होता, मी मगाने पांढरा रंग ओतत होते, आणि मुलगी काट्यापाशी उकिडवी बसून आकडे ओरडत होती. सतरा! अठरा! बास, बास, एकोणीस!

"आता ही माझ्याएवढी झाली," मुलगी म्हणाली. "हिला धाकटी म्हणायचं."

"तुझ्याएवढी आहे तर जुळी म्हण," नवरा म्हणाला.

"नाही. मी आधी चढले काट्यावर."

तर धाकटीला मी कॅरिअरवर ठेवलं, झाकण दाबून बसवलं, दोरीचे तीन वेढे दिले.

"नुसता एक फेरा मारून ये," नवरा म्हणाला. "पूल काही खात नाही."

मागे: नवरा, मुलगी, प्लास्टरवरचे मासे.

*

पूल. सकाळचे दहा. दिव्याचे खांब एकवीस.

खांब एक. आरशात आभाळ आणि रस्त्याची एक पट्टी. मान वळायला लागली, तिला मी मनात चापट मारली. आरसा आहे ना. आरशात बघ.

खांब चार. मागून जड झालेली सायकल हलक्या सायकलसारखी वळत नाही. धाकटी अंग टाकते. पोरगीही टाकेल.

खांब सात. आरशात आभाळाचा एक तुकडा पिवळा झाला. पिवळ्याला काच आली. काचेत माणूस.

ट्रक.

पाय फिरत होते पण ते माझे नव्हते. तोंडाला पितळेची चव आली. चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता: मिश्या, पडलेले गाल, आणि मान खाली. मांडीवर काहीतरी बघत होता.

वर बघ.

खांब नऊ. वर बघ, बाबा.

खांब दहा. अकराव्या खांबापाशी पुलाचा सांधा आहे. तिथली लोखंडी पट्टी एका टोकाला उचकटून उभी राहिली आहे. ती चुकवायची तर रस्त्याकडे सरकावं लागतं. मी वेग कमी केला. वर बघ ना रे, तुझ्या आईच्यान, वर बघ.

त्याने बघितलं.

नजर भिडली. अगदी सलूनमध्ये भिडते तशी, सरळ, पुरती. त्याच्या भुवया किंचित उचलल्या गेल्या, होकार दिल्यासारख्या. आणि माझ्या छातीवरून कुणीतरी पाटा उचलून घेतला. वर्षभरात पहिल्यांदा मान शांत राहिली. त्याला कळलं. आता तो हलणार नाही.

मी पट्टी चुकवायला हँडल रस्त्याकडे वळवलं.

आणि तो पुढे आला.

हॉर्न कानात वाजला नाही, दातांत वाजला. मी हँडल उलटं ओढलं. कोपर कठड्यावर, गुडघा कठड्यावर, पुढचं चाक पट्टीवर. मागचं वजन एकदम नाहीसं झालं. सायकल इतकी हलकी झाली की मला कळलं.

मग एक आवाज झाला. तो कसा होता ते मी सांगणार नाही.

मागे:

मागे बघवलं नाही.

*

ट्रक वीस पावलांवर थांबला. रस्ता पांढरा झाला होता, आणि त्या पांढऱ्यातून चाकांचे दोन पट्टे निघून थेट त्याच्या मागच्या टायरांपर्यंत गेले होते. चालवणारा खाली उतरला. दाराची कडी त्याच्या हातातून सुटेना.

"मूल होतं?" त्याने तिथूनच विचारलं.

"बादली."

"काय?"

"रंगाची बादली. मूल नाही. बादली."

तो तिथेच रस्त्यावर बसला, खडी उतरवावी तसा. थोड्या वेळाने त्याला राग आला. राग आल्यावर उभं राहता आलं.

"अहो बाई, तुम्ही माझ्याकडेच बघत होता की! तुमच्या आरशात तुमचे डोळे दिसले मला. म्हटलं, बघितलंय बाईंनी, आता कडेला राहतील. म्हणून तर पुढे काढली गाडी."

"तुम्ही मला बघितलंत, म्हणून मी वळले."

"आणि तुम्ही मला बघितलंत, म्हणून मी!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आता आरशाशिवाय. सलूनमध्ये नजर भिडते तेव्हा एकाच्या हातात कात्री असते आणि दुसरा खुर्चीत असतो. पुलावर खुर्ची नव्हती. दोघांच्याही हातात कात्री होती.

"सकाळपासून चौथी खेप आहे," तो पुटपुटला. मग माझ्या कोपराकडे बोट दाखवलं. "रक्त येतंय तुम्हाला." मग बादलीचं जे उरलं होतं ते त्याने पायाने कठड्याशी सारलं. ते तसं पायाने सारायला नको होतं. मी तोंड फिरवलं.

*

घरी.

"धाकटी कुठाय?"

"सांडली."

"कुठे?"

"दोरी सुटली आणि सांडली."

नवऱ्याने माझ्या कोपराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शिट्टी वाजवायला तोंडाचा चंबू केला. ती वाजली नाही.

"उद्या नको नेऊस मग," तो हळूच म्हणाला. "जाऊ दे नाव. पुढच्या वर्षी घालू."

मुलगी प्लास्टरजवळून उठली. "माझं नाव कुठे जाऊ दे?"

मी सायकल घेऊन परत बाहेर पडले.

मागे: मुलगी दारात, एका पायावर.

*

काका दुकान बंद करत होते. रविवारी ते अर्धा दिवसच असतात.

"बदलून हवाय."

त्यांनी आरशाकडे बघितलं. त्याला तडा गेला नव्हता. मग दांडीवरचे पांढरे शिंतोडे बघितले, मग मला बघितलं, आणि शटर पुन्हा वर ढकललं. सोयरिकीचा विनोद त्यांनी केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

"चेहरा दिसायला नको," मी म्हटलं. "कुणाचाच."

गोल, फुगीर आरसा त्यांनी हँडलच्या टोकाला बसवला. मी सीटवर बसले. त्यात अख्खी गल्ली मावली, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांसकट, आणि काका एक उभी रेघ.

"हे ध्यानात ठेवा. यात सगळं लांब वाटतं. असतं जवळ."

"किती जवळ?"

"म्हणजे काय सांगू... थांबा."

ते गल्लीच्या तोंडापाशी गेले आणि माझ्याकडे चालत यायला लागले. मी आरशात बघून ओरडायचं होतं, आता हात लागेल असं वाटलं की. रेघ वाढली. रेघेला हात फुटले. रेघ अजून लांब होती. मी ओरडायला तोंड उघडणार तोच त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी किंचाळले. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"काही नाही, काही नाही," काकांनी वर बघून हात हलवला. "आरसा विकतोय."

आम्ही ते अकरा वेळा केलं. सत्तर वर्षांचा माणूस अकरा वेळा गल्लीत चालत आला. अकराव्या वेळी मी बरोबर ओरडले.

*

सोमवार. सव्वासात.

कॅरिअरवर उशी. उशीवर मुलगी, पाठीला दप्तर, हात माझ्या कंबरेला. दोन्ही पाय लांब ठेवायचे, चाकात घालायचे नाहीत, हे सात वेळा सांगून झालं. नवऱ्याने खिडकीतून शिट्टी वाजवली. आज वाजली. उसनी होती, पण वाजली.

खांब एक.

आरशात: रस्ता, बोटाएवढा. दोन्ही कठडे. मुलीच्या कोपराचं टोक.

"आई, मी शाळेत माशांचं सांगू?"

"सांग."

"प्लास्टरवर बत्तीस मासे आहेत."

"हं."

खांब चार. खांब पाच. मान वळायला बघते आहे. मी दात दाबून धरले आहेत, मान दातांनी धरता येते.

आरशात: रस्त्याच्या टोकाला पिवळा ठिपका. मुगाएवढा.

"आई, तू सारखं पोट आत घेतेस, माझे हात सुटतात."

"बरं. घट्ट धर."

आरशात: हरभऱ्याएवढा. म्हणजे जवळ. म्हणजे फार जवळ. जमिनीतून त्याची घरघर पायडलमध्ये यायला लागली आहे. कठड्याच्या बाजूला मी एवढी सरकले आहे की माझी सावली कठड्यावर मोडते आहे.

"आई, मागे—"

"मागे बघायचं नाही. डोकं माझ्या पाठीला लाव."

"पण तो ट्रकवाला काका—"

"बघायचं नाही म्हटलं ना!"

तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. तिथे एक ओला, गरम गोल झाला. तिचा श्वास.

आता तो पुढे जाईल. आता वारा येईल, मुठी पकडून ठेव, हँडल सरळ, श्वास सोडू नकोस. खांब आठ. आता. खांब नऊ. आता जाईल.

तो गेला नाही.

आरशात: ट्रक, काडेपेटीएवढा. तसाच. वाढतही नाही, घटतही नाही.

अकरावा खांब. रस्त्यावर पांढरं, कालचं. उचकटलेली पट्टी. मी रस्त्याकडे सरकले नाही. पट्टीवरूनच सरळ गेले, चाक आदळलं, मुलीचे दात वाजले. "आई गं," ती माझ्या पाठीत म्हणाली.

आरशात: काडेपेटी.

एक माणूस असा असू शकतो, जो आम्हाला बघून मागे थांबला आहे. ब्रेकवर पाय ठेवून, त्याच्यामागच्या सगळ्यांना अडवून, ही बाई आणि हे पोर पलीकडे जाऊ दे म्हणतो आहे. आणि एक माणूस असा असू शकतो, ज्याची मान खाली आहे. तो मांडीवर काहीतरी बघतो आहे आणि त्याचा पाय नुसताच सैल पडला आहे. आम्ही आहोत हे त्याला माहीतच नाही. ते मांडीवरचं बघून झालं की पाय ॲक्सिलरेटरवर पडेल.

या आरशात ते दोघं सारखेच दिसतात. मीच आरसा तसा मागून घेतला.

खांब पंधरा. मान. मान वळायला लागली. पुरती वळली तर चेहरा दिसेल, आणि हँडलही वळेल. मी हनुवटी छातीत रुतवली.

खांब सोळा. मागे बघू शकेल असा कॅरिअरवर एक माणूस आहे, त्याचं कपाळ मीच माझ्या पाठीला लावून ठेवलं आहे. विचारू का? बघ म्हणू का? बघायला ती वळली तर तोल जाईल.

खांब अठरा. काडेपेटी.

खांब वीस.

एकवीस.

पुलापलीकडे रस्ता रुंद होतो. मी कडेच्या मातीत सायकल घातली आणि दोन्ही पाय टेकले. ट्रक आमच्या बाजूने गेला, हळू, जड, सगळी जमीन हलवत. मी वर बघेपर्यंत खिडकी पुढे निघून गेली होती. बाहेर आलेलं एक कोपर तेवढं दिसलं.

मुलगी उशीवरून उतरली आणि स्कर्ट खाली ओढला.

"तो काका काय करत होता गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तूच म्हणालीस बघू नको."

"आधी. मी सांगायच्या आधी बघितलंस ना? तो आपल्याकडे बघत होता?"

ती विचारात पडली. "तो हसला."

"आपल्याकडे बघून?"

"हसला नाही. जांभई दिली. तोंड उघडं होतं."

"हसला की जांभई दिली, नीट आठव."

"असं," ती म्हणाली, आणि मला दाखवायला तिने तोंड उघडलं, डोळे बारीक केले, मान थोडी मागे टाकली. मी खाली वाकून ते नीट बघितलं. मी तिला म्हटलं, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं.

मला सांगता आलं नाही.

शाळा एक वाजता सुटते. मग परत एकवीस खांब.